मग खायचं काय? मिनामाताच्या खाडीची गोष्ट



मे महिन्यात खाडीकाठच्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली, आणि मग एका ताईंचा कर्जाचा अर्ज निघाला. सुकी मासळी भरून ठेवायची आणि पावसाळ्यात विकायची, त्यासाठी पंधरा हजार. अर्जावर बोलता बोलता विषय खाडीकडे वळला. एक जण म्हणाली, कालवांना हल्ली रॉकेलसारखा वास येतो. दुसरी म्हणाली, गेल्या वर्षी मासे मरून काठाला लागले होते. गटात सगळ्यात लहान असलेली, नुकतीच लग्न होऊन आलेली मुलगी सहज बोलून गेली, "मग खाऊ नका ना ते." शेजारी बसलेल्या काकींनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग खायचं काय गं?"

अर्ज मंजूर झाला, बैठक संपली. काकींचा प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. कारण हाच प्रश्न सत्तर वर्षांपूर्वी जपानमधल्या एका गावात उभा राहिला होता, आणि तिथे त्याचं उत्तर कोणी दिलं नाही म्हणून काय झालं ते मी वाचलेलं होतं. बी.ए.ला इतिहास घेतला होता तेव्हा राजे आणि लढाया पाठ केल्या. ही गोष्ट त्या पुस्तकांत नव्हती. ती आज सांगते.

जपानच्या दक्षिणेला क्यूशू नावाचं मोठं बेट आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर मिनामाता हे गाव. समोरचा समुद्र शांत, बेटांच्या आडोशाचा, आणि त्याचा एक भाग जमिनीत आत शिरलेला. आपण त्याला खाडीच म्हणू. काठाला मच्छीमारांच्या लहान लहान वाड्या. डोंगर थेट पाण्यात उतरलेला, त्यामुळे भातशेतीला जागा नाही. उतारावर रताळी लावायची, थोडे जव पिकवायचे, आणि बाकी सगळं समुद्राकडून घ्यायचं. पुरुष होडीने जात, कितीतरी बायकाही होडीवर जात. ओहोटीला बाया आणि पोरं शिंपल्या, कालवं, खेकडे गोळा करायला चिखलात उतरत. हे वेगळं समजावून सांगायला नको, आपल्याकडेही कोयती आणि टोपली घेऊन असंच जातात. घरात पैसा नसला तरी ताटात मासा असे. दिवसातून तीन वेळा मासे खाणारी घरं तिथे होती.

१९०८ साली या गावात एक रासायनिक कारखाना आला. पुढे त्याचं नाव चिस्सो म्हणून जगाला माहीत झालं. गावाने त्याचं स्वागतच केलं. नोकऱ्या आल्या, दुकानं आली. १९६० च्या सुमाराला गावाला मिळणाऱ्या करातला अर्ध्याहून जास्त वाटा एकट्या या कारखान्याचा होता आणि गावातल्या चार नोकऱ्यांपैकी एक तिथली होती. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१९३२ पासून या कारखान्यात ॲसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनू लागलं. प्लास्टिकसारख्या कितीतरी वस्तूंसाठी ते लागतं. ते बनवताना पारा वापरत. वापरातला काही पारा एका फार विषारी रूपात, मिथिल पारा म्हणतात त्याला, सांडपाण्याबरोबर खाडीत जात होता. सांडपाण्याने मासेमारी बिघडते म्हणून मच्छीमारांनी कंपनीकडे तक्रारी केल्या होत्या आणि १९२६ आणि १९४३ साली कंपनीने त्यांना थोडी भरपाई देऊन प्रश्न मिटवला होता. म्हणजे पाणी खराब होतंय हे सगळ्यांना माहीत होतं. पण मासे कमी मिळतात एवढंच तेव्हा डोळ्यांना दिसत होतं.

पारा पाण्यात विरघळून नुसता वाहून गेला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. पण हा पारा जिवात शिरतो आणि बाहेर फार हळू पडतो. पाण्यातले बारीक जीव तो घेतात, त्यांना लहान मासा खातो, लहान माशाला मोठा मासा खातो. थेंबाथेंबाने पिंप भरावं तसा तो एकेका पायरीवर वाढत जातो. शेवटच्या पायरीवर माणूस, आणि मांजर. अशा माशाला वास येत नाही, चव बदलत नाही. तो शिजवला, भाजला, खारवून वाळवला तरी पारा तसाच राहतो. एरवी आपल्या बायकांचं नाक फसत नाही, मासा ताजा की शिळा हे कल्ला न उघडता सांगतात. पण इथे ते नाक काही कामाचं नव्हतं.

१९५० नंतर खुणा दिसू लागल्या. मासे पाण्यावर उलटे तरंगू लागले. कावळे उडता उडता खाली पडू लागले. मांजरं वेड्यासारखी गोल फिरत, झटके येऊन पडत, काही समुद्रात जाऊन मरत. काही वाड्यांत मांजर उरलं नाही आणि उंदरांनी जाळी कुरतडायला सुरुवात केली. लोक म्हणत, मांजरांना नाचाचा रोग झाला.

मग मुलं. एप्रिल १९५६ मध्ये पाच वर्षांच्या एका मुलीला कारखान्याच्याच दवाखान्यात आणलं. तिला नीट चालता येईना, बोलता येईना, झटके येत होते. दोन दिवसांत तिच्या धाकट्या बहिणीलाही तेच सुरू झालं. आईने डॉक्टरांना सांगितलं, शेजारच्या मुलीलाही असंच होतंय. घरोघर चौकशी केल्यावर आणखी आठ जण सापडले. १ मे १९५६ रोजी दवाखान्याचे प्रमुख डॉ. होसोकावा हाजिमे यांनी सरकारी आरोग्य कार्यालयाला कळवलं की मेंदूचा कसलातरी अनोळखी रोग पसरतोय. ऑक्टोबरपर्यंत चाळीस रुग्ण सापडले आणि त्यातले चौदा मेले.

आधी सगळ्यांना वाटलं साथ आहे. घरांवर औषध फवारलं, रुग्णांना वेगळं ठेवलं. त्या घरांशी गावाने व्यवहार तोडले. दुकानदार त्यांच्या हातचे पैसे हाताने घेत नसत, काड्यांनी उचलत. घरच्यांनी काय केलं असेल? आपण आजारी माणसाला काय देतो? चांगलंचुंगलं, ताकदीचं. त्यांनी ताजा मासा आणला आणि आजाऱ्याला भरवला.

नोव्हेंबर १९५६ मध्ये, म्हणजे सहाच महिन्यांत, कुमामोतो विद्यापीठाच्या डॉक्टरांनी सांगितलं की ही साथ नाही. खाडीतल्या मासे-शिंपल्यांतून कुठल्यातरी जड धातूची विषबाधा होतेय. कोणता धातू ते कळायला अजून तीन वर्षं लागणार होती. पण ते खाऊ नये एवढं तर तेव्हाच कळलं होतं.

आता इथे जरा थांबते, कारण मला ज्याची सगळ्यात जास्त चीड येते ते इथे घडलं.

तिथे अन्नसुरक्षेचा कायदा होता. विषारी अन्न विकायला, त्यासाठी ते पकडायला बंदी घालता येत होती. १९५७ साली कुमामोतो प्रांताने हा कायदा लावायचं ठरवलं आणि वरच्या आरोग्य मंत्रालयाला विचारलं. सप्टेंबरमध्ये उत्तर आलं: खाडीतला प्रत्येक मासा विषारी आहे असा स्पष्ट पुरावा नाही, म्हणून कायदा लावता येणार नाही. प्रत्येक मासा! शाळेच्या खिचडीत पाल पडली तर प्रत्येक घासात पाल आहे का हे कोणी तपासत बसतं का?

कायद्याने पूर्ण बंदी घातली असती तर मच्छीमारांना भरपाई द्यावी लागली असती. म्हणून अर्धवट बंदी आणि बाकी नुसता सल्ला: खाडीतले मासे खाऊ नका. म्हणजे आमच्या बैठकीतली ती मुलगी म्हणाली तेच. पण ती बिचारी भाबडेपणाने म्हणाली, यांच्या हातात कायदा आणि तिजोरी होती.

मच्छीमारांच्या संस्थेने स्वतःहून खाडीत मासे धरणं बंद केलं. १९५३ ते १९५७ या काळात संस्थेची मासळी नव्वद टक्क्यांहून जास्त घटली. जे थोडं मिळे त्याला गिऱ्हाईक नव्हतं, मिनामाताचं नाव ऐकलं की लोक पाटी मागे सारत. हातात पैसा नाही म्हणून तांदूळ नाही. आणि मासा विकला जात नाही म्हणून तोच घरात शिजतो. आजही ही गोष्ट सांगताना लोक विचारतात, माहीत असून ते मासे खातच कसे राहिले? मला वाटतं असा प्रश्न ज्यांच्या घरात पर्याय असतो तेच विचारतात. काकींनी नसता विचारला.

१९५८ च्या सप्टेंबरात कंपनीने सांडपाण्याची वाट बदलली. आधी ते थेट खाडीत पडत होतं, आता नदीच्या मुखाशी सोडलं. विष खाडीबाहेरच्या मोठ्या समुद्रात गेलं आणि इतर गावांतही माणसं आजारी पडू लागली.

जुलै १९५९ मध्ये विद्यापीठाने नाव घेतलं: पारा. जुन्या सांडपाण्याच्या तोंडाशी गाळ तपासला तर टनामागे दोन किलो पारा निघाला. इतका, की पुढे कंपनीने गाळातला पारा काढून विकायचाही धंदा केला. माणसांचे केस तपासले. बाहेरच्या माणसाच्या केसांत पाऱ्याचं प्रमाण सरासरी ४ होतं, तर मिनामाताच्या एका रुग्णाच्या केसांत ७०५.

त्याच वर्षी डॉ. होसोकावा, तेच कारखान्याच्या दवाखान्याचे प्रमुख, स्वतः प्रयोग करत होते. एका मांजराच्या खाण्यावर ते रोज कारखान्याचं सांडपाणी घालत. त्या मांजराचा क्रमांक ४००. ऑक्टोबरमध्ये त्या मांजराला तोच रोग झाला. कंपनीने प्रयोग थांबवायला लावला आणि निकाल दाबून ठेवला. डॉक्टरांनी ते कोर्टापुढे सांगितलं १९७० साली, अंथरुणावरून, मरणाच्या दारात असताना. अकरा वर्षं तो माणूस हे पोटात ठेवून जगला. त्यांना काय म्हणावं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

१९५९ चा डिसेंबर तर लिहून ठेवण्यासारखा आहे. कंपनीने सांडपाणी शुद्ध करायचं नवं यंत्र बसवलं. उद्घाटनाला कंपनीच्या अध्यक्षांनी त्या यंत्रातलं म्हणून पेलाभर पाणी पिऊन दाखवलं. नंतर उघड झालं की पारा असलेलं सांडपाणी त्या यंत्रातून जातच नव्हतं आणि ते यंत्र पारा काढण्यासाठी बनवलेलंच नव्हतं. आणि ३० डिसेंबरला, जपानी लोकांचा नवीन वर्षाचा सण तोंडावर असताना, रुग्णांच्या घरच्यांकडून एका करारावर सह्या घेतल्या. कंपनीने पैसे दिले, पण भरपाई म्हणून नाही, सहानुभूती म्हणून. मेलेल्या माणसामागे तीन लाख येन. आणि करारात एक कलम: पुढेमागे या रोगाला कंपनीच जबाबदार आहे असं ठरलं तरी आणखी काही मागायचं नाही. मैत्रिणींनो, आपण गटात अंगठा घेण्याआधी कागद मोठ्याने वाचून दाखवायचा नियम ठेवलाय, तो का, ते यातून कळतं.

यंत्र बसलं, करार झाला, वर्तमानपत्रांनी प्रश्न सुटला असं लिहिलं. लोकांनी परत मासे खायला सुरुवात केली. सांडपाणी पुढची साडेआठ वर्षं वाहतच राहिलं.

गाव कोणाच्या बाजूने होतं? बहुतेक गाव कंपनीच्या बाजूने. मघाशी कराचा आणि नोकऱ्यांचा हिशोब सांगितला तो त्यासाठीच. कारखाना बंद पडला तर आमच्या चुलीचं काय, असं नोकरदार म्हणत, आणि तीही भाकरीचीच भीती होती. एकाच गावातल्या दोन प्रकारच्या चुली एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्या.

आता आयांबद्दल सांगते. त्या वाड्यांत काही बाळं जन्मतःच वेगळी निघत होती. मान धरत नव्हती, गिळता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. आई मात्र बरी दिसे, फार तर हातांना मुंग्या. आया म्हणत, आमच्या बाळाला हाच रोग आहे. डॉक्टर म्हणत, बाळाने तर मासा खाल्लेलाच नाही, आणि वार आईच्या अंगातलं विष बाळापर्यंत जाऊ देत नाही. तेव्हाच्या वैद्यकाची समजूत तशी होती. हारादा मासाझुमी नावाच्या तरुण डॉक्टरांनी घरोघर जाऊन आयांचं ऐकलं. अखेर दोन मुलांच्या मृत्यूनंतर त्यांची तपासणी झाली आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये सोळा मुलांचा रोग अधिकृतपणे मान्य झाला, आईच्या पोटातच लागलेला. वार पारा अडवत नव्हती. उलट आईच्या अंगातला पारा बाळाकडे ओढला जात होता आणि म्हणूनच आई बरी दिसत होती. एक आई आपल्या अशा मुलीला घरातलं धन म्हणायची, कारण माझ्या वाट्याचं विष तिने घेतलं असं तिला वाटे.

याचा आणखी एक पुरावा आयांच्याच घरात होता. जपानमध्ये बाळाची गळून पडलेली नाळ लहानशा लाकडी डबीत जपून ठेवायची रीत आहे. पुढे डॉक्टरांनी त्या नाळा मागितल्या आणि तपासल्या. कोणत्या वर्षी जन्मलेल्या बाळाच्या नाळेत किती पारा, हे मांडल्यावर कारखान्याचं उत्पादन जसं वाढलं तसा नाळेतला पाराही वाढलेला दिसला. सरकारी दप्तरात नव्हती ती नोंद बायकांनी कपाटात ठेवली होती.

१९६५ मध्ये जपानच्या दुसऱ्या टोकाला, निइगाता प्रांतात, दुसऱ्या कंपनीच्या कारखान्याखालच्या नदीकाठी तोच रोग निघाला. तिथे केसांत जास्त पारा सापडलेल्या बायकांना सांगितलं गेलं की दिवस जाऊ देऊ नका. मिनामाताचा धडा वेळेवर घेतला असता तर त्यांना हे ऐकावं लागलं नसतं.

कारखान्याने पारा वापरून ते रसायन बनवणं मे १९६८ मध्ये थांबवलं, तेही नवी पद्धत निघाली आणि जुनी परवडेना म्हणून. त्यानंतर चार महिन्यांनी, २६ सप्टेंबरला, सरकारने जाहीर केलं की रोगाला कारखानाच कारण आहे. पहिल्या मुलीला दवाखान्यात आणल्याला तेव्हा बारा वर्षं होऊन गेली होती.

मग लोक उठले. इशिमुरे मिचिको नावाची तिथलीच एक गृहिणी. घरकाम सांभाळून लिहायची. तिने दवाखान्यात आणि वाड्यांवर जाऊन रुग्णांना पाहिलं आणि त्यांचं जगणं त्यांच्याच बोलीच्या वळणाने पुस्तकात आणलं. १९६९ मध्ये ते पुस्तक आलं आणि जपानभर लोकांना मिनामाता कळलं. १९७३ मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ मध्येच एकोणतीस कुटुंबांनी कंपनीवर दावा लावला. मला आवडतो तो मात्र १९७० चा प्रसंग. रुग्णांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी कंपनीचा एकेक शेअर विकत घेतला. एक शेअर असला तरी भागधारकांच्या सभेला जाता येतं. ओसाकाला सभा होती. यात्रेकरूंचे पांढरे कपडे घालून ते सभेत शिरले आणि अध्यक्षांसमोर मेलेल्यांच्या नावाच्या पाट्या धरल्या. २० मार्च १९७३ रोजी कोर्टाने निकाल दिला: दोष कंपनीचा, आणि १९५९ चा तो करार रद्द.

खाडीचं काय झालं? १९७४ मध्ये खाडीच्या तोंडाला जाळी लावून ती बंद केली, आतले मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून. आतले मासे पकडायचं काम मच्छीमारांनाच दिलं, आणि पकडलेले मासे ड्रममध्ये भरून गाडले. विचार करा, जाळं टाकायचं ते मासा पुरण्यासाठी. १९७७ ते १९९० खाडीतला गाळ उपसला आणि भराव घालून ५८ हेक्टर जमीन केली. खर्च ४८५० कोटी येन. जाळी निघाली १९९७ मध्ये. म्हणजे एक मुलगी जन्मून लग्नाची होईल इतका काळ त्या खाडीतून ताटात काही आलं नाही.

या काळात काही रुग्ण कुटुंबांनी डोंगरउतारावर संत्र्याच्या जातीच्या एका फळाच्या बागा केल्या. फवारणी त्यांनी शक्य तितकी टाळली. विष खाल्लेल्या माणसाने दुसऱ्याला विष विकायचं नाही, हे त्यांनी ठरवलं होतं.

जपानने अधिकृत रुग्ण मानले सुमारे तीन हजार, निइगाता धरून. पण २००९ मध्ये मदतीचा नवा कायदा झाला तेव्हा साठ हजारांहून जास्त लोकांनी अर्ज केले. पाऱ्याच्या वापराबद्दल २०१३ मध्ये जगाने जो करार केला त्याला याच गावाचं नाव दिलं, आणि भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला.

तुम्ही घाबरून मासे सोडावेत म्हणून हे सांगत नाही. बांगडा, तारली, जवळा असली लहान मासळी हे गरिबाच्या घरातलं सगळ्यात चांगलं अन्न आहे. मुशीसारख्या मोठ्या शिकारी माशात पारा जास्त साठतो, गरोदर बाईने तेवढा टाळावा. आणि आपल्या खाडीला वास येतो म्हणजे तिच्यात पारा आहे असं मी म्हणत नाही. काय आहे ते तपासल्याशिवाय कळणार नाही. त्या गटाने सध्या एवढंच केलंय: हप्त्याच्या वहीच्या मागच्या पानावर तारीख, वार आणि भरती-ओहोटी लिहून पाणी कसं होतं ते टिपायचं. मेलेले मासे दिसले तर कुठले, किती. ती वही ग्रामसभेत घेऊन जायचं ठरलंय. लिहायचं काम त्या लहान मुलीकडे आलंय, तिचं अक्षर चांगलं आहे म्हणून.

मिनामाताचं अजून संपलेलं नाही, कोर्टात दावे चालूच आहेत. १ मे २०२४ रोजी, दरवर्षीप्रमाणे मृतांना आदरांजली वाहून झाल्यावर, रुग्णांच्या प्रतिनिधींची पर्यावरणमंत्र्यांशी भेट होती. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. एक म्हातारे गृहस्थ आपल्या वारलेल्या बायकोच्या दुखण्याबद्दल सांगत होते. तीन मिनिटं झाली आणि अधिकाऱ्यांनी त्यांचा माइक बंद केला. देशभर ओरड झाली. आठवड्याभरात, ८ मे रोजी, मंत्री परत मिनामाताला गेले आणि त्यांनी त्या गृहस्थांची माफी मागितली.